लखनौची 'विजय' का हरली?

इटलीतला स्कूटरचा अख्खा कारखाना भारत सरकारनं विकत घेतला आणि लखनौला आणून उभा केला. पुण्यात आकुर्डीला त्याच सुमारास इटालियन भागीदार हात सोडून निघून गेला होता. शर्यत कोणी जिंकली, ते घराघरात ठाऊक आहे. पण का जिंकली?

आज कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही वाढदिवसाला गाडी मिळते. सकाळी शोरूममध्ये जायचं, कर्जाच्या कागदांवर सह्या करायच्या आणि संध्याकाळी पेढे घेऊन घरी यायचं. पण ज्यांनी सत्तरच्या दशकात संसार थाटला, त्यांना पहिल्या स्कूटरबद्दल विचारून बघा. नंबर लावला तेव्हा थोरला बालवाडीत होता आणि गाडी दारात आली तेव्हा तो मॅट्रिकच्या परीक्षेला बसला होता, अशा थाटाचं उत्तर मिळेल. त्यात अतिशयोक्ती फारशी नसेल. बजाजच्या 'चेतक'साठी एके काळी दहा-दहा वर्षं थांबावं लागे.

नंबर लावण्याचीही एक रीत होती. पोस्टात २५० रुपये भरायचे, ते पासबुक तारण ठेवायचं आणि वाट पाहत बसायचं. सरकारी कोट्यात बसणाऱ्यांची रांग वेगळी. परदेशातल्या नातेवाइकानं डॉलर पाठवले, तर गाडी लवकर मिळे. बाकीच्यांनी 'ऑन' मोजायचं. वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग, हा चमत्कार त्या काळात कोणाला चमत्कार वाटतच नसे. लग्नाच्या बोलणीत वरपक्षाच्या यादीत स्कूटर हटकून असायची आणि बिचाऱ्या वधूपित्याला पैशांच्या बरोबरीनं नंबराचीही चिंता असायची. बाजारात तुरी, तशी शोरूममध्ये स्कूटर!

मागणी एवढी आणि माल तेवढासा, अशी स्थिती असेल तर काय करायचं? व्यापाऱ्याला विचारा, तो म्हणेल, जो बनवतो त्याला आणखी बनवू द्या आणि ज्याला बनवायची इच्छा आहे त्याला धंद्यात येऊ द्या. सरकारनं दुसरा रस्ता धरला. स्कूटर आपणच बनवायची! त्या रस्त्याचं नाव स्कूटर्स इंडिया लिमिटेड, मुक्काम लखनौ.

मिलानहून कानपूर रोडला

ही गोष्ट मुळात इटलीची. दुसऱ्या महायुद्धात इटली बेचिराख झाली होती. रस्ते फुटलेले, खिशात पैसा नाही, मोटार घेणं स्वप्नातही शक्य नाही. विमानं बनवणाऱ्या पिआजो कंपनीला नवा धंदा हवा होता. तिनं १९४६ मध्ये 'व्हेस्पा' आणली. मिलानजवळ लाम्ब्राते भागात फर्दिनांदो इनोचेंती यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता, तोही बॉम्बहल्ल्यांत सापडलेला. त्यांनी पुढच्याच वर्षी 'लॅम्ब्रेटा' आणली. दोन्ही गाड्यांच्या अंगावर त्यांची कुळं स्पष्ट दिसत. विमानवाल्यांची व्हेस्पा पत्र्याच्या एकसंध कवचाची, तर नळीवाल्यांची लॅम्ब्रेटा नळीच्या सांगाड्यावर उभी. लॅम्ब्रेटाचं इंजिन मधोमध आणि व्हेस्पाचं उजव्या अंगाला. सकाळी गाडी सुरू होईना, की भारतातली पुरुषमंडळी बजाजची स्कूटर डाव्या बाजूला आडवी करून मग किक मारत. ही स्कूटरही व्हेस्पाच्याच घराण्यातली.

या दोन कंपन्या पंचवीस वर्षं एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. एकीनं डिकी दिली की दुसरी स्टेपनी देणार, एकीनं वेग वाढवला की दुसरीनं किंमत उतरवायची. या झटापटीत गिऱ्हाइकाची चंगळ झाली आणि इटलीही वर आली. अमेरिकेची मार्शल मदत होती, सरकारी कंपन्याही होत्या, तेव्हा इटलीचा उत्कर्ष निव्वळ मुक्त बाजारानं घडवला असं म्हणणं खोटं ठरेल. पण स्कूटरच्या धंद्यात तरी सरकारनं कोणाला 'एवढ्याच बनवा' असं सांगितलं नाही.

मग तीच भरभराट लॅम्ब्रेटाच्या मुळावर आली. १९५७ मध्ये फियाटची छोटी '५००' मोटार आली. हातात पैसा खेळू लागलेल्या इटालियन कुटुंबांनी स्कूटर सोडून तिच्यात बूड टेकलं. साठच्या दशकाअखेर कारखान्यांत संप पेटले. १९७१ मध्ये इनोचेंतीनं स्कूटर बनवणं थांबवलं.

एका देशानं मागे टाकलेली गाडी दुसऱ्या देशात दहा वर्षांच्या रांगेची धनीण होती. भारत सरकारनं मिलानची यंत्रसामग्री, नकाशे आणि 'लॅम्ब्रेटा' हे नावसुद्धा विकत घेतलं. सप्टेंबर १९७२ मध्ये कंपनीची नोंदणी झाली. लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरोजिनी नगर भागात कारखाना उभा राहिला आणि १९७५ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. देशात विकायची ती 'विजय सुपर', परदेशात पाठवायची ती 'लॅम्ब्रेटा'. चिकनचं भरतकाम, कबाब आणि अदब यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नवाबी शहराला एक मोठा, आधुनिक कारखाना मिळाला. तिथं नोकरी लागली म्हणजे घराचं कल्याण झालं, असं मानलं जाई.

मराठी माणसाला लॅम्ब्रेटा परकी नव्हती. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही खासगी कंपनी पन्नासच्या दशकापासून ती तयार करत होती. 'लॅम्बी' हे लाडकं नाव तिथलंच.

चिंतामणरावांचा पाहुणा

सरकारला स्कूटर बनवायची हौस का आली, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. बाजाराला मोकळं सोडा, माणसं आपापलं हित पाहतील आणि त्यातून देशाचंही भलं होईल, हा विचार अॅडम स्मिथनं १७७६ मध्ये मांडला. इंग्लंडनं तो उचलला आणि गिरण्यांच्या जोरावर जग काबीज केलं. पण आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात एक रोखठोक प्रश्न उभा केला. इंग्लंडला मानवलेलं औषध हिंदुस्थानलाही जसंच्या तसं लागू पडेल, हे कशावरून? इथले धंदे तान्ह्या मुलासारखे आहेत, त्यांना सरकारनं बोट धरून चालवलं पाहिजे, असा त्यांचा रोख होता. तेव्हा सरकार परकं होतं आणि इंग्लंडमधल्या गिरण्यांचं हित पाहणारं होतं. रानड्यांच्या म्हणण्यात तथ्य होतंच. पुढे १९४४ मध्ये टाटा-बिर्लांसारख्या उद्योगपतींनी काढलेल्या 'बॉम्बे प्लॅन'नंही सरकारच्या मोठ्या वाट्याला मान्यता दिली.

स्वातंत्र्यानंतर या विचाराचं रूपांतर कायद्यात झालं. १९५१ च्या औद्योगिक कायद्यानं कोणी, कुठं, किती माल बनवायचा ते परवान्यावर लिहून आलं. १९५५ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना त्यांच्या मंत्रालयाच्या निमंत्रणावरून एक अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ दिल्लीत आले, मिल्टन फ्रीडमन. पुढे १९७६ चं नोबेल मिळवणारे हेच. त्यांनी टिपण लिहून दिलं, त्याचा सूर असा, की धंद्यावरचे निर्बंध सैल करा, कोणता उद्योग वाढावा ते बाजाराला ठरवू द्या. ते टिपण कितीतरी वर्षं प्रसिद्धच झालं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर विचार करणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय यांनी एकट्यानं विरोधी मत नोंदवलं. त्यांचंही कोणी ऐकलं नाही. राजाजी 'लायसन्स-परमिट राज' म्हणून कडाडले, १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष निघाला, पण देश नेहरूंच्या आणि महालनोबिसांच्या वाटेनं चालला होता. मोठमोठी धरणं आणि पोलादाचे कारखाने सरकारनं काढले, हे समजण्यासारखं होतं. एवढं भांडवल खासगी माणसाकडे होतं कुठं? पण स्कूटर?

आकुर्डीत याची झळ थेट बसत होती. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे नातू राहुल बजाज हार्वर्डमध्ये शिकून परतले आणि १९६८ मध्ये बजाज ऑटोचे प्रमुख झाले. १९६९ मध्ये मोठ्या उद्योगांना वेसण घालणारा एमआरटीपी कायदा आला. १९७१ मध्ये पिआजोशी असलेला तांत्रिक करार संपला आणि सरकारनं तो पुढे चालवू दिला नाही. म्हणजे वाढायला बंदी आणि शिकवणारा गुरूही गेला. बजाजनं स्वतःच्या बळावर तीच गाडी घडवली आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव देऊन बाजारात आणली. परवान्यापेक्षा जास्त स्कूटर बनवल्या म्हणून तुरुंगात जावं लागलं तरी जाईन, असं राहुल बजाज सांगत. लोकांना हवी असलेली वस्तू जास्त बनवणं हा गुन्हा ठरावा, असा तो जमाना!

थैलीची नाडी सैल

कागदावर पाहिलं तर लखनौचंच पारडं जड होतं. पाठीशी दिल्लीचं सरकार, अस्सल मिलानची यंत्रं, जगप्रसिद्ध नाव आणि दारात ताटकळलेलं गिऱ्हाईक. आंध्रात 'ऑल्विन पुष्पक', गुजरातेत 'गिरनार' अशा स्कूटरही लखनौच्या तंत्रावर निघाल्या. तरी गाडं रुतलं.

पहिली अडचण सुट्या भागांची. स्कूटर एका कारखान्यात बनत नाही. केबल, सीट, दिवे, गिअर, शेकडो वस्तू बाहेरून येतात. पुण्यात भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये चार लेथ टाकून बसलेला छोटा कारखानदार बजाजच्या ऑर्डरीवर जगत होता. माल वेळेवर नाही गेला, तर त्याची चूल विझणार. तो रात्रपाळी करून माल देई. लखनौभोवती असं गणगोत जमलंच नाही. कारखाना जहाजातून आणता येतो, भोसरी कशी आणणार?

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. इनोचेंतीची यंत्रं साठच्या दशकातली. व्हेस्पाशी रोज झुंज होती, म्हणून मिलानमध्ये त्यांच्यावर दर दोन-चार वर्षांनी नवं मॉडेल निघे. लखनौत ती झुंज नव्हती. तोटा झाला तर भरून द्यायला तिजोरी होती. गाडी बिघडते, भाग मिळत नाहीत अशी कुरकुर गिऱ्हाईक करी, पण त्या कुरकुरीनं कोणाचं बूड हलत नव्हतं. हंगेरीतले अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० च्या सुमारास आपल्या साम्यवादी देशातल्या कारखान्यांबद्दल हेच निदान केलं होतं. ज्या कारखान्याच्या थैलीची नाडी सैल, तो गिऱ्हाइकाचं तोंड पाहत नाही, मंत्रालयाचं पाहतो.

यात लखनौच्या कामगाराच्या माथी दोष मारणं सोपं आणि चुकीचं आहे. याच शहरात १९९२ मध्ये टेल्कोनं, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सनं, कारखाना काढला आणि तिथल्याच हातांनी ट्रक बनवले. माणूस तोच, नाडी वेगळी.

पण म्हणून सरकारचा हात लागला की सोन्याची माती होते, असं समजणाऱ्यांनी जरा साताऱ्याला जाऊन यावं. तिथली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये निघाली, ती राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीत. तिची 'प्रिया' स्कूटर घरोघरी पोचली. भांडवलात सरकार होतं, पण कारखाना कसा चालवायचा ते बजाजला ठाऊक होतं. पिंपरी-चिंचवडचं भाग्यही निव्वळ बाजारानं उजळलेलं नाही. तिथला पहिला मोठा कारखाना १९५४ चा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, तो केंद्र सरकारचा. मग एमआयडीसीनं जमिनी, पाणी, रस्ते दिले. रानड्यांच्या म्हणण्याप्रमाणे सरकारनं इथं बोट धरलं होतं, पण वेळ आल्यावर सोडलंही. लखनौत ते सुटलंच नाही.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एक विलक्षण गोष्ट घडू घातली होती. तोट्यातली स्कूटर्स इंडिया सरकारनं बजाजलाच देऊन टाकावी, असा विचार दिल्लीत झाला. सरकारी कंपन्यांच्या खासगीकरणाचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न. कामगार संघटना उठल्या, राजकीय विरोध झाला आणि बेत बारगळला. कामगारांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. मालक बदलला तर नोकरी राहील का, हा प्रश्न ज्याच्या घरी चार तोंडं खाणारी असतात त्यालाच विचारावा. पण कारखाना सरकारी राहिला म्हणून नोकऱ्याही राहिल्या, असं घडलं नाही.

पुण्यालाही चटका

२४ जुलै १९९१. सकाळी नवं औद्योगिक धोरण संसदेत आलं, संध्याकाळी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि बहुतेक उद्योगांवरचा परवान्याचा जाच संपला. राहुल बजाज यांनी पेढे वाटायला हवे होते. पण १९९३ मध्ये मुंबईत काही उद्योगपती एकत्र आले, वर्तमानपत्रांनी त्यांना 'बॉम्बे क्लब' म्हटलं आणि त्यांत राहुल बजाज आघाडीवर होते. परदेशी कंपन्यांशी लढायला आमची हरकत नाही, पण मैदान सारखं हवं, ही त्यांची मागणी. टीकाकार हसले. बंद दरवाजाविरुद्ध ओरडणारेच आता कडी लावा म्हणतात! बजाज यांचं म्हणणं असं, की चाळीस वर्षं पाय बांधून ठेवायचे आणि मग एकदम शर्यतीत उतरवायचं, हा न्याय नव्हे. दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं होतं. परवाना राजनं बजाजचे हात बांधले, तसे त्याच्या स्पर्धकांचेही बांधले होते. 'हमारा बजाज' म्हणणाऱ्या देशाला निवडीला दुसरं होतं तरी काय?

ते दुसरं आलं होतं १९८४-८५ पासूनच. पुण्याच्या फिरोदियांनी कायनेटिक होंडा आणली, तिला किक मारायलाही नको. कानपूरच्या एलएमएलनं पिआजोचीच व्हेस्पा आणली. हिरो होंडाच्या चार स्ट्रोकच्या मोटारसायकलीनं लिटरमागे किती धावते ते सांगून मध्यमवर्गाला वश केलं. २००१ पर्यंत दुचाकींमधला पहिला नंबर बजाजकडून तिच्याकडे गेला. बजाजनं मोटारसायकलीकडे मोहरा वळवला, 'पल्सर' काढली आणि जीव वाचवला. पण किंमत मोजावीच लागली. २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं, कामगारांना घरी बसावं लागलं. दोन वर्षांनी कंपनीनं स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं. तिकडे कानपुरात खासगी एलएमएलला २००६ मध्ये टाळं लागलं, ते पुन्हा धडपणे उघडलंच नाही आणि कंपनी शेवटी अवसायनात निघाली. बाजार काही दयाळू मालक नव्हे.

लखनौचा शेवट मात्र लांबत गेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळाकडे, बीआयएफआरकडे गेली. १९९७ मध्ये स्कूटर बनणं बंद झालं. तरली ती 'विक्रम' या तीनचाकीवर. लखनौच्या चारबाग स्टेशनाबाहेर माणसं कोंबून धावणारा टेम्पो तो हाच. देहरादूनमध्ये तर सामायिक रिक्षेला लोक 'विक्रम' याच नावानं हाक मारू लागले. धूर फार काढे, पण गरिबाला परवडे आणि रस्त्यात बिघडला तर कोणीही मिस्त्री दुरुस्त करी. मंत्रालयानं न ठरवता, लोकांनीच निवडलेला माल होता तो, आणि त्याच्या जोरावर कंपनीनं काही वर्षं नफाही पाहिला. मग तीनचाकीतही नवे स्पर्धक आले आणि पुन्हा तोटा सुरू झाला. २०१३ मध्ये सरकारनं सुमारे २०० कोटी रुपयांचं पुनरुज्जीवन पॅकेज दिलं. २०१८ मध्ये खरेदीदार शोधला, कोणी आलं नाही. तीस वर्षांपूर्वी ज्या कारखान्याला गिऱ्हाईक होतं, त्याच्याकडे आता कोणी फिरकेना. जानेवारी २०२१ मध्ये कंपनी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. स्वेच्छानिवृत्ती घ्यायला तेव्हा जेमतेम शंभरेक कामगार उरले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरोजिनी नगरच्या त्याच जमिनीवर विजेच्या बस बनवण्यासाठी अशोक लेलँड या खासगी कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. राज्य सरकारनं जागा आणि सवलती दिल्या, बस बनवायची आणि खपवायची ती कंपनीनं. त्याआधी जून २०२२ मध्ये, राहुल बजाज यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी, आकुर्डीत विजेवरच्या 'चेतक'च्या कारखान्याचं उद्घाटन झालं होतं. आता तिला नंबर लावावा लागत नाही.

आणि 'लॅम्ब्रेटा'? ब्रिटनमध्ये जुन्या स्कूटरवेड्यांचे क्लब आहेत. लखनौहून निर्यात झालेल्या गाड्या ही मंडळी नव्वदच्या दशकापर्यंत हौसेनं घेत. 'इंडियन जीपी' हे त्यांच्यातलं ओळखीचं नाव. त्या गाड्या ते आजही उघडून, घासूनपुसून, रंग देऊन रस्त्यावर काढतात, आणि भारतीय बनावटीच्या सुट्या भागांना तिथं अजून मागणी आहे.